गुणाकार टाळण्यासाठी जन्मलेला लॉगॅरिदम

पाठ्यपुस्तकात लॉगॅरिदमची ओळख साधारण अशी होते : दहाचा कितवा घात केला की १००० मिळतात? तिसरा. म्हणून १००० चा लॉग ३. व्याख्या बिनचूक आहे, पण ती वाचून पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे हे कशाला हवं होतं? त्याचं उत्तर व्याख्येत सापडत नाही, कारण लॉगॅरिदम वापरात येऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर ही व्याख्या रुळली. ज्याने पहिली कोष्टकं छापली त्याने घातांकाची भाषा वापरलीच नव्हती. त्याला गुणाकार टाळायचे होते, एवढंच.

सोळाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञाचं निम्मं आयुष्य आकडेमोडीत जाई. सात आकडी दोन संख्यांचा गुणाकार हाताने करायचा तर एकेका अंकाचे ४९ गुणाकार, मग सात ओळींची बेरीज. त्याच संख्यांची बेरीज मात्र दोन ओळींत संपते. या फरकावर डोळा ठेवून टायको ब्राहेच्या वेधशाळेत त्रिकोणमितीची एक युक्ती वापरत. दोन कोसाइनचा गुणाकार हवा असेल तर कोनांची बेरीज आणि वजाबाकी करायची, त्या दोन कोनांचे कोसाइन कोष्टकात पाहायचे आणि त्यांच्या बेरजेचं अर्धं घ्यायचं. हे सूत्र आजही विद्यार्थी पाठ करतात. ते एके काळी गुणाकाराचं यंत्र म्हणून राबलं आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

गुणाकाराची बेरीज करण्याची कल्पनाही नवी नव्हती. नवव्या शतकात जैन आचार्य वीरसेन यांनी ‘धवला’ या टीकाग्रंथात ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना वापरली : एखादी संख्या कितीदा निम्मी करता येते ती मोजणी. ३२ चे अर्धच्छेद ५, १२८ चे ७. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्हींच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तिथे आहे. युरोपात १५४४ साली जर्मन गणिती मिखाएल श्टिफेल याने दोनाचे घात आणि त्यांचे क्रमांक एकाखाली एक मांडून हेच दाखवलं. ३२ गुणिले १२८ हवे आहेत? क्रमांक ५ आणि ७, बेरीज १२, बाराव्या जागी ४०९६.

अडचण एकच, पण मोठी. ४०९६ नंतर या यादीत थेट ८१९२ येतात. मधल्या चार हजारांवर संख्यांचं काय करायचं? ज्या दोन संख्या गुणायच्या आहेत त्या यादीत सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. लॉगॅरिदमचा खरा शोध म्हणजे ही रिकामी जागा भरणं.

ती भरली स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार जॉन नेपिअर (१५५० ते १६१७) याने. हा पेशाने गणिती नव्हता. त्याआधी त्याचं नाव झालं होतं ते बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकावर लिहिलेल्या धार्मिक पुस्तकामुळे. नेपिअरच्या लक्षात आलं की श्रेणीत दोनपट-दोनपट उड्या मारल्या तर संख्या विरळ होतात. पाऊल अगदी बारीक घेतलं तर त्या दाट होतील. म्हणून त्याने १,००,००,००० पासून सुरुवात केली आणि दर पावलाला संख्येतून तिचाच एक कोटीवा भाग वजा केला. पहिल्या वजाबाकीनंतर ९९,९९,९९९ उरतात, दुसऱ्यानंतर ९९,९९,९९८ आणि अगदी किंचित काही. यातली हुशारी पाहण्यासारखी आहे. एक कोटीने भागणं म्हणजे दशांशचिन्ह सात घरं सरकवणं, त्यामुळे प्रत्येक पायरीला केवळ एक वजाबाकी. गुणाकार टाळणारं कोष्टकही गुणाकार टाळूनच सुरू झालं. अर्थात सगळीच्या सगळी पावलं टाकत बसणं शक्य नव्हतं. अशी शंभर पावलं टाकून मग मोठी पावलं, त्यानंतर आणखी मोठी, असं करत त्याने कोष्टक विणलं. या कामात सुमारे वीस वर्षं गेली आणि १६१४ साली पुस्तक निघालं.

जवळपास त्याच काळात योस्ट ब्युर्गी हा स्विस घड्याळजी स्वतंत्रपणे त्याच जागी पोचला होता. त्याने दर पावलाला दहाहजारावा भाग मिळवत नेला आणि २३,०२७ पावलांत संख्या दहापट केली. पण त्याचं कोष्टक छापलं गेलं १६२० साली प्रागमध्ये. सहा वर्षांच्या उशिराने श्रेय नेपिअरकडे गेलं.

नेपिअरचा लॉगॅरिदम आपल्या ओळखीचा नाही, हे सांगायला हवं. त्यात शून्य लॉग होता तो एक कोटीचा, आणि संख्या लहान होत जाई तसा लॉग वाढे. त्याला आजचं रूप मिळालं लंडनच्या ग्रेशम कॉलेजातल्या हेन्री ब्रिग्ज या प्राध्यापकामुळे. पुस्तक वाचून तो इतका भारावला की १६१५ च्या उन्हाळ्यात लांबचा प्रवास करून नेपिअरला भेटायला गेला. चर्चेत ठरलं की १ चा लॉग शून्य धरावा आणि १० चा १. नेपिअरची तब्येत खालावली होती, त्यामुळे नव्या कोष्टकाचं ओझं ब्रिग्जवर आलं. त्याने १० चं वर्गमूळ काढलं, त्या वर्गमूळाचं पुन्हा वर्गमूळ, असं ५४ वेळा, तीसहून अधिक दशांशस्थळांपर्यंत, हाताने! १६२४ साली त्याने १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉग १४ दशांशस्थळांपर्यंत छापले. मधली पोकळी आद्रियान व्लाकने १६२८ साली भरली, १० दशांशस्थळांपर्यंत. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने लॉगॅरिदम तातडीने उचलला आणि १६२७ च्या आपल्या ग्रहकोष्टकांत वापरला.

कोष्टक बाळगायचं नसेल तर पट्टी होती. कागदाच्या १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. डाव्या टोकाला १ लिहा, उजव्या टोकाला १०. डावीकडून ३०.१ मिलिमीटरवर २, ४७.७ वर ३, ७७.८ वर ६ अशा खुणा करा. आता वरच्या पट्टीचा १ खालच्या पट्टीच्या २ वर ठेवला की वरच्या ३ खाली बरोबर ६ येतो. अंतरांची बेरीज झाली, आकड्यांचा गुणाकार. असं सरकपट्टीचं साधन सतराव्या शतकात विल्यम ऑट्रेडने बनवलं आणि स्लाइड रूल म्हणून ते पुढे साडेतीनशे वर्षं अभियंत्यांच्या खिशात राहिलं. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांत पट्ट्या आणि कोष्टकं दोन्ही अडगळीत गेली.

लॉगॅरिदमची घातांकाच्या भाषेतली व्याख्या पक्की केली ती गणिती ऑयलरने, अठराव्या शतकात. ती आल्यामुळे लॉगॅरिदम आकडेमोडीपुरता राहिला नाही. ‘किती पट झालं’ या प्रश्नाऐवजी ‘किती पायऱ्या चढलो’ असं विचारता येऊ लागलं. कॅल्क्युलेटरने मारला तो लॉगॅरिदमचा पहिला उपयोग. दुसरा आज आधीपेक्षा जास्त चालतो. माझ्या मते शिकवायला सुरुवात इथूनच करावी, मँटिसापासून (लॉगच्या दशांशचिन्हानंतरच्या भागापासून) नव्हे.

१८५६ साली नॉर्मन पॉगसनने ताऱ्यांच्या प्रतींची, म्हणजे तेजानुसार दर्जा देण्याची, जुनी पद्धत लॉगमध्ये बसवली : पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएच हे आम्लतेचं माप मांडलं, ज्यात एक अंक खाली म्हणजे दहापट आम्ल. १९३५ साली कॅलिफोर्नियात रिश्टरने भूकंपाचं माप दिलं. सहा आणि सात रिश्टरमधला फरक बातमीत एका अंकाचा वाटतो, प्रत्यक्षात हादऱ्याचा आवाका दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट असते. डेसिबलचंही तसंच : ६० वरून ९० ला गेलेला आवाज दीडपट होत नाही, त्याची तीव्रता हजारपट होते. दर वर्षी ८ टक्के चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं? २ चा लॉग भागिले १.०८ चा लॉग, म्हणजे ०.३०१०३ भागिले ०.०३३४२, सुमारे ९. क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतलं एक शोधायला संगणकाला फार तर २० वेळा पाहावं लागतं, कारण दर वेळी यादी निम्मी होते. हे वीरसेनांचे अर्धच्छेदच.

कोष्टकांनी जाता जाता एक वेगळीच गोष्ट दाखवून दिली. १८८१ साली सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने लिहिलं की लॉगच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा फार लवकर झिजतात. म्हणजे लोकांना १ ने सुरू होणाऱ्या संख्या ९ ने सुरू होणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा लागतात. १९३८ साली फ्रँक बेनफर्डने नद्यांची क्षेत्रफळं, लोकसंख्या अशा नाना प्रकारच्या वीस हजारांवर संख्या गोळा करून ते तपासलं. अनेक पटींत पसरलेल्या अशा आकडेवारीत १ ने सुरू होणाऱ्या संख्या सुमारे ३०.१ टक्के असतात, ९ ने सुरू होणाऱ्या ४.६ टक्के. यातला ३०.१ म्हणजे २ चा लॉग, शंभराने गुणलेला. हिशेब तपासणारे हाच नियम लावून रचलेले आकडे हुडकतात. मनाने आकडे भरणारा माणूस सगळ्या अंकांना सारखी संधी देऊ पाहतो आणि तिथेच सापडतो.