तंबोऱ्याच्या घोडीवरचा न दिसणारा उतार

व्हायोलिनच्या घोडीची वरची कड पातळ असते. तार तिच्यावर अगदी अरुंद जागी टेकते आणि तिथूनच कंप पावू लागते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिचा माथा सपाट वाटला तरी दांडीच्या बाजूला तो इतका हलका उतरत गेलेला असतो की नुसत्या डोळ्यांना ते जाणवतही नाही. हा उतार घडवणे म्हणजे जवारी लावणे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांचे सर्वांत अवघड कसब माझ्या मते याच इंचभर जागेत आहे.

छेडलेली तार खाली येते तेव्हा ती उताराच्या अधिक भागाला बिलगते आणि वर जाताना त्यापासून सुटते. त्यामुळे तिची मोकळी लांबी प्रत्येक कंपनात किंचित बदलत राहते आणि या वारंवार होणाऱ्या स्पर्शातून मूळ स्वराची ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांकडे, म्हणजे त्याच तारेतून मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या उंच स्वरांकडे, वळते. तारेखाली सरकवलेला सुताचा धागा, म्हणजे जीव, हा स्पर्श नेमका जुळवून देतो.

साधी तार बरोबर मध्यावर छेडली, तर त्या बिंदूवर निश्चल राहणारे, म्हणजे सम क्रमांकांचे, स्वरांश (हेच स्वयंभू स्वर) उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात असे वगळले जाणारे स्वरांशही ठळक ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.

कारागीर घोडीवर हलकी कानस फिरवतो, मग बारीक पॉलिश पेपरने घासतो, तार चढवून ऐकतो आणि पुन्हा उतरवतो. उतारावर उंचवटा राहिला तर तार तेवढ्यावरच टेकते आणि आवाज कोरडा येतो. खळगा राहिला तर ती खरखरते. उतार अधिक संथ ठेवला की खुली, झणकारदार जवारी मिळते आणि गोलाई वाढवली की बंद जवारी. चारही तारांसाठी हे वेगवेगळे साधावे लागते, कारण खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, जाड पितळी तार आणि जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, बारीक पोलादी तारा उतारावर सारख्या वाकत नाहीत.

वाजवता वाजवता तारा घोडीवर बारीक चर पाडतात, गुंजन विरळ होते आणि जवारी नव्याने काढावी लागते. दर वेळी घोडीचा थोडा अंश झिजतो, म्हणून जाणता कारागीर गरजेपेक्षा एकही हात जास्त फिरवत नाही.