ब्लीड फ्रॉम विदिन

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा मेटलकोर बँड. त्याची स्थापना सर्वसाधारणपणे २००५ मध्ये झाली असे मानले जाते. सध्या स्कॉट केनेडी (गायन), क्रेग गोवन्स (गिटार), स्टीव्हन जोन्स (गिटार व गायन), डेव्ही प्रोव्हन (बेस) आणि अ‍ॅली रिचर्डसन (ड्रम) हे पाच जण त्यात आहेत. केनेडी, गोवन्स आणि रिचर्डसन हे जवळजवळ प्रारंभापासूनचे सदस्य होत. ‘ह्युमॅनिटी’ (२००९), ‘एम्पायर’ (२०१०), ‘अपरायझिंग’ (२०१३), ‘एरा’ (२०१८), ‘फ्रॅक्चर’ (२०२०), ‘श्राइन’ (२०२२) आणि ‘झेनिथ’ (२०२५) असे बँडचे सात स्टुडिओ अल्बम आहेत.

बँडची शैली नेमकी कोणती, याविषयी समीक्षकांत एकमत नाही. पहिले दोन अल्बम रायझिंग रेकॉर्ड्स या छोट्या इंग्लिश कंपनीने काढले. त्यांना बहुतेक जण डेथकोर म्हणतात. नंतरच्या अल्बमांसाठी मेटलकोर, ग्रूव्ह मेटल किंवा मेलोडिक डेथ मेटल अशी वेगवेगळी नावे वापरली जातात. मतभेदाचे मूळ या शैलींच्या घडणीतच आहे. हार्डकोर पंक (वेगवान, आक्रमक रॉक) आणि मेटल यांच्या मिश्रणातून १९९० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलेल्या मेटलकोरचा कणा म्हणजे ‘ब्रेकडाउन’: गाण्याची गती एकाएकी निम्म्यावर येते, गिटारच्या तारा तळहाताने दाबून मोजके जड आघात केले जातात आणि ड्रमचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) त्याच आघातांवर पडतो. डेथकोरमध्येही ब्रेकडाउन असतोच. मात्र त्याच्या मागेपुढे डेथ मेटलमधून आलेली ‘ब्लास्ट बीट’ची अतिद्रुत ड्रमवादनपद्धती आणि घशाच्या खालच्या भागातून काढलेली गुरगुर असते. त्यामुळे केवळ ब्रेकडाउन आहे की नाही यावरून वर्गीकरण करता येत नाही; दोन ब्रेकडाउनांच्या मधल्या जागेत काय वाजते, हे पाहावे लागते.

या निकषावर ‘अपरायझिंग’ हा संक्रमणाचा अल्बम ठरतो. त्यात ब्लास्ट बीटची जागा मध्यम गतीच्या, झोकदार रिफनी (गिटारवर पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वररचनांनी) बऱ्याच अंशी घेतली आहे आणि पँटेरा व लँब ऑफ गॉड या अमेरिकी बँडांच्या परंपरेशी असलेले नाते स्पष्ट ऐकू येते. मेटलकोरकडे झालेले वळण ‘एरा’पासून धरण्याचीही पद्धत आहे; परंतु ‘एरा’मध्ये दिसणारी बहुतेक लक्षणे आधीच्या अल्बमात बीजरूपाने आढळत असल्याने २०१३ ची सीमारेषा अधिक ग्राह्य वाटते. बँड सेंच्युरी मीडिया या मोठ्या कंपनीशी जोडला गेल्यानंतरचा ‘अपरायझिंग’ हा पहिला अल्बम. त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला सर्वोत्कृष्ट नवोदित बँडचा पुरस्कार मिळाला. स्थापनेनंतर आठ वर्षांनी आणि तिसऱ्या अल्बमावर हा सन्मान मिळावा, हे ‘नवोदित’ या विशेषणाकडे पाहता काहीसे मौजेचे आहे.

२०१४ मध्ये ‘डेथ वॉक’ हे छोटे ध्वनिमुद्रण आले. त्यानंतरचा काळ तुलनेने शांत गेला आणि पुढच्या पूर्ण अल्बमासाठी श्रोत्यांना २०१८ पर्यंत थांबावे लागले. दरम्यान गिटारवादक मार्टिन इव्हान्स बाहेर पडले आणि २०१७ च्या सुमारास जोन्स आले. हा बदल केवळ वादकापुरता राहिला नाही. केनेडी यांच्या किंचाळी आणि गर्जनेच्या जोडीला जोन्स यांचा स्वच्छ, सुरेल आवाज आल्याने गाण्याचे ध्रुवपद स्वतंत्रपणे बांधणे शक्य झाले. गर्जना आणि सुरेल गायन दोघांत वाटून देण्याची ही रीत मेटलकोरमध्ये जुनीच आहे. या बँडने ती उशिरा स्वीकारली, पण नंतर सोडली नाही. ‘फ्रॅक्चर’ मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, प्रसिद्ध झाला. त्यातील एका गाण्यात ट्रिव्हियम या अमेरिकी मेटल बँडचे मॅट हीफी पाहुणे आहेत. न्यूक्लिअर ब्लास्ट या कंपनीने काढलेल्या ‘श्राइन’मध्ये तंतुवाद्ये व समूहस्वर यांचे थर ठळक झाले.

‘झेनिथ’मधील ‘इन प्लेस ऑफ युअर हेलो’ या गाण्यातील बॅगपाइपची विशेष दखल घ्यावी लागते, कारण तोवर बँडच्या संगीतात स्कॉटिशपणाची अशी उघड खूण क्वचितच होती. हे वाद्य मेटलमध्ये बसवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे नाही. हायलंड बॅगपाइपच्या चॅन्टर या सुरनळीवर नऊच स्वर निघतात, आवाज लहानमोठा करता येत नाही आणि हवा अखंड वाहत असल्याने दोन सुरांमध्ये विराम घेता येत नाही. एकच सूर पुन्हा वाजवायचा तर मध्ये क्षणिक अलंकारस्वर घालावा लागतो. शिवाय वादक ज्याला ‘ए’ म्हणतात तो सूर प्रत्यक्षात बी-फ्लॅटच्या आसपास, बहुधा त्याहून किंचित वर लागतो. इतर वाद्यांबरोबर वाजवण्यासाठी ४६६ हर्ट्झच्या प्रमाण बी-फ्लॅटशी जुळणारे चॅन्टर म्हणूनच बनवले जातात. साथीला अखंड घुमणारा ड्रोनचा आधारस्वर असल्याने त्याच्याशी विसंगत असा कोणताही गिटारचा सूर लगेच उघडा पडतो. मात्र एकाच खालच्या तारेवर रेंगाळणाऱ्या रिफशी हा आधारस्वर सहज जुळू शकतो. याच अल्बमात मॅस्टोडॉन या अमेरिकी बँडचे ब्रॅन डेलर आणि सिलोसिस या इंग्लिश बँडचे जॉश मिडलटन हेही पाहुणे आहेत. सिलोसिसशी असलेला संबंध त्याआधीचा आहे: रिचर्डसन त्या बँडचेही ड्रमवादक असून त्याच्या २०२० मधील ‘सायकल ऑफ सफरिंग’ या अल्बमावर त्यांचेच वादन आहे.

मंचीय कारकिर्दीत डिसेंबर २०२४ मधील स्लिपनॉट या अमेरिकी मेटल बँडचा युरोप व ब्रिटनचा दौरा उल्लेखनीय आहे. स्लिपनॉटच्या पहिल्या अल्बमाच्या पंचविशीनिमित्त मोठ्या बंदिस्त सभागृहांत झालेल्या या दौऱ्यात ब्लीड फ्रॉम विदिन सहबँड होता. ‘झेनिथ’ त्यानंतर चार महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये आला.