जनआरोग्य योजनेत औषधे कोणाला आणि किती दिवस मिळतात?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्रित राबवल्या जातात. राज्य शासनाच्या २०२३ च्या निर्णयानुसार पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबरच पांढऱ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबेही पात्र ठरली असून, प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र योजनेचे आयुष्मान कार्ड निघाले की रक्तदाब-मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्याही त्यातून मिळतील, हा समज बरोबर नाही.

योजनेतील औषधे उपचाराच्या पॅकेजला जोडलेली असतात. अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयात योजनेखाली दाखल झालेल्या रुग्णाला दाखल असेपर्यंतची औषधे मोफत मिळतात; घरी सोडल्यानंतर जनआरोग्य योजनेत १० दिवसांपर्यंत, तर आयुष्मान भारतच्या नियमानुसार १५ दिवसांपर्यंत. ती देणे रुग्णालयाची जबाबदारी आहे. तरीही ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात आली, तर पैसे मोजण्याआधी ती आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या प्रतिनिधीला) दाखवावी आणि औषध घ्यावेच लागले, तर दुकानाचे पक्के बिल जपून ठेवून योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घाबरलेले नातेवाईक इथेच गप्प बसतात, ते कृपया टाळावे.

दररोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व औषधोपचार निःशुल्क आहेत.

कागदपत्रांत शिधापत्रिका आणि आधार कार्ड ही दोन मुख्य. कोकणातल्या पावसाळी दमटपणात जुन्या शिधापत्रिकेची शाई फुटून नावे पुसट होतात, म्हणून रेशन दुकानातून १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आधीच लिहून घ्यावा. आयुष्मान कार्ड काढताना तोच लागतो. शिधापत्रिकेवर ‘बाबू’ आणि आधारवर ‘बाबाजी’ असा फरक असल्यास, तसेच लग्न होऊन देवगडला आलेल्या सुनेचे नाव अजून राजापूरच्या माहेरच्या पत्रिकेत असल्यास, तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दुरुस्तीचा अर्ज आजारपणाची वाट न पाहता करावा. मुंबईतल्या चाकरमान्याचे नाव गावच्या पत्रिकेत असले, तरी त्याला राज्यातील कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात लाभ घेता येतो.

रुग्ण तातडीने दाखल करावा लागला, तर कागद नाहीत म्हणून थांबू नये. आरोग्यमित्रामार्फत दूरध्वनीवरून मंजुरी घेता येते आणि कागदपत्रे नंतर सादर करता येतात. डिस्चार्ज कार्ड मात्र हातात घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये, कारण पुढच्या दिवसांची औषधे आणि फेरतपासणी त्यावरच मागावी लागते.