लघवीची वाट आकसणं: सळईपासून गालाच्या अस्तरापर्यंत

युरेथ्रा म्हणजे लघवी बाहेर नेणारी नळी आकसली की धार बारीक होते, जोर लावावा लागतो, कधी लघवी पूर्णच तुंबते. यावर जुना इलाज एकच, आत काहीतरी घालून वाट रुंद करायची. सुश्रुतसंहितेत तोंडाशी कातडी आकसून लघवी अडली तर तूप लावलेली लोखंडी, लाकडी किंवा लाखेची नळी घालायची आणि पुढे जाडी वाढवत न्यायची असं दिलंय. आजही डायलेटेशनला, म्हणजे सळई घालून वाट रुंद करायला, याच रीतीने एकेक नंबर वाढवतात. हे नंबर पॅरिसच्या शारिएर नावाच्या अवजारं बनवणाऱ्याचे, 19व्या शतकातले, एक नंबर म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे 18 नंबरचा कॅथेटर (लघवी काढायची नळी) बरोबर 6 मिमी जाड.

पण हे सगळं आंधळेपणाने चालायचं. सळई कुठे अडते ते हाताला लागेल तेवढंच निदान, आणि जोर जास्त झाला की भलतीच वाट पडायची. त्यातही वाट आकसवणाऱ्या गनोरिया या गुप्तरोगावर अँटिबायोटिक नव्हतं, त्यामुळे पेशंट काही संपायचे नाहीत. 1855 च्या सुमारास मेझोन्यूव्हने आतून पातं फिरवून चीर द्यायचं अवजार काढलं, तेही न बघताच! 1910 मध्ये कनिंगहॅमने आत औषध भरून एक्सरे काढायची पद्धत मांडली, तेव्हा कुठे आकसलेला भाग किती लांब आहे ते फोटोत दिसायला लागलं. 1970 च्या दशकात झाक्सेने दुर्बिणीतून बघत चीर द्यायची सोय केली आणि मग सगळीकडे तेच सुरू झालं.

माझ्या मते गोची इथेच झाली. दिसायला लागलं म्हणून इलाज बदलला असं नाही, कारण आतला व्रण तिथेच राहतो, तो चिरला की भरताना परत आकसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तर फायदा जवळजवळ उरतच नाही, तरी पेशंट वर्षानुवर्षं तेच करून घेत राहतात.

खरा फरक युरेथ्रोप्लास्टीने, म्हणजे ऑपरेशन करून नळीच दुरुस्त करण्याने पडला. आकसलेला तुकडा छोटा असेल तर कापून टोकं जोडतात, लांब असेल तर गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावतात. हे अस्तर ओलं राहायला सरावलेलं, केस नसलेलं, म्हणून चालतं. हम्बीने 1941 मध्ये ते जन्मजात दोषाच्या ऑपरेशनला वापरलं होतं, मग जवळपास विसरलंच गेलं, 1990 च्या दशकात परत वर आलं आणि 1996 मध्ये बार्बाग्लीने असा तुकडा वरच्या बाजूने लावायची पद्धत दिली. हल्ली कारणंही बदललीत, इन्फेक्शनपेक्षा कॅथेटर, दुर्बिणीची ऑपरेशनं आणि अपघात जास्त, आणि बऱ्याच जणांत तर कारण सापडतच नाही.