सिलिकॉन कार्बाइड

सिलिकॉन व कार्बन यांचे, प्रत्येकी एका अणूच्या प्रमाणात बनलेले संयुग. व्यवहारातील नाव कार्बोरंडम. मोस मापक्रमावर कठिनता 9 ते 9.5, म्हणजे हिऱ्याहून कमी व कुरुविंद या खनिजाहून किंचित अधिक.

शोधाच्या श्रेयाबाबत एकमत नाही. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांच्या हाती ते 1824 च्या सुमारास आले असावे, असे काही लेखक मानतात. परंतु संयुग ओळखून व्यवहारात आणले ते अमेरिकेच्या एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी, त्यामुळे श्रेय त्यांना देणेच युक्त. कृत्रिम हिरे करण्याच्या प्रयत्नात 1891 मध्ये चिकणमाती व कोक विजेने तापवताना त्यांना चकचकीत स्फटिक मिळाले. हे कार्बन व कुरुविंद (कोरंडम) यांचे संयुग असावे, या समजातून ‘कार्बोरंडम’ हे नाव पडले. ‘कोरंडम’ हा शब्द मुळात तमिळ ‘कुरुंदम’, संस्कृत ‘कुरुविंद’ यांच्याशी जोडला जातो. पदार्थात कुरुविंद नसूनही नावात तो राहिला. फ्रेंच रसायनज्ञ म्वासाँ यांना 1904 मध्ये कॅन्यन डायब्लो उल्केत हे संयुग आढळले, पण नमुन्यात घासचाकाचे कण मिसळले असावेत असा आक्षेप पुढे घेतला गेला. 1987 मध्ये मरे उल्केत सूर्यमालेहून जुने कण सापडल्याने ते निसर्गात असते, एवढे निर्विवाद झाले.

उत्पादन आजही मुख्यतः अ‍ॅचेसन भट्टीतच होते. सिलिका वाळू व पेट्रोलियम कोक ग्रॅफाइटच्या गाभ्याभोवती रचून विद्युत् प्रवाह सोडतात. जुन्या पद्धतीत वायू निसटावा म्हणून लाकडाचा भुसा व अशुद्धी काढण्यासाठी मीठ मिसळत. तापमान गाभ्याजवळ 2000° से.च्या वर जाते व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. शुद्ध माल हिरवट, अशुद्ध काळा.

वीज हाच खरा कच्चा माल. केरळातील एका उत्पादकाने यासाठी मणियार येथे स्वतःचा जलविद्युत् प्रकल्प उभारला. गोव्याची मात्र बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. तेथील किनाऱ्याच्या वाळूतही नुसती सिलिका नसून शंखशिंपल्यांचा चुरा व जड खनिजेही असतात. साहजिकच गोव्यात या पदार्थाचा संबंध मुख्यतः वापरापुरता.

तो वापर घरोघरच्या फरशीत दिसतो. मोझेइक बसवल्यावर यंत्राला कार्बोरंडमचे दगड लावून घासणी होते: आधी 60 क्रमांकाचा (भरड कणांचा), मग 120, शेवटी 320 (बारीक), त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाची पूड. ट्रॉलरच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना वापरायच्या ग्राइंडिंग पेस्टमध्येही बहुधा हेच कण असतात. लोहखनिज धुण्याच्या संयंत्रांतील सायक्लोनांना (पाणी गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या शंकूसारख्या पात्रांना) त्याचे झीजरोधी अस्तर देता येते.

जुन्या विद्युत् वाहिन्यांवरील तडितरोधकांत याच्या चकत्या असत. 1970 नंतर झिंक ऑक्साइडने त्यांची जागा घेतली. 1907 मध्ये ब्रिटिश अभियंते राउंड यांना त्याच्या स्फटिकातून पिवळसर प्रकाश दिसला. एलईडीच्या इतिहासाचा आरंभ येथून धरतात. अर्धसंवाहक म्हणून विजेच्या मोटारींच्या इन्व्हर्टरांत त्याचा वापर वाढत आहे.