बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे घराची तपासणी नव्हे

"बँकेचा माणूस येऊन पाहून गेला, घर पक्कं आहे." यवतमाळ-वर्ध्याकडे खेड्यात जुनं घर घेणारे हे इतक्या विश्वासाने सांगतात की ऐकताना जीव तुटतो. तो माणूस घराची किंमत काढायला आलेला असतो. घर पक्कं आहे की नाही, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

व्हॅल्युएशन म्हणजे कर्ज देण्याआधी बँक घराची किंमत काढून घेते ते: मोजमाप, चतुःसीमा, फोटो, आसपासचा भाव, वयानुसार घसारा, म्हणजे किमतीतली घट. फी आपल्या खिशातून जाते, म्हणून अहवालही आपल्यासाठीच असं वाटतं. प्रत्यक्षात प्रश्न बँकेचा असतो: हप्ते थकले तर हे विकून पैसे निघतील का? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जातही किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे बँकेची बाजू आधीच राखलेली. शिवाय भिंत चिरली तरी खालच्या प्लॉटला भाव असतोच. त्या भिंतीच्या आत राहायचं मात्र तुम्हाला आहे.

तपासणी म्हणजे आपण स्वतः सिव्हिल इंजिनिअर नेऊन घर पक्कं आहे का ते पाहून घेणं. त्यात आपल्याकडे सगळ्यात आधी पाहायचा तो पाया. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात हे रोज पाहणारा माणूसही घर घेताना पायाखालची जमीन विसरतो. पाया काळ्या थरातच थांबला असेल, मुरमापर्यंत गेला नसेल, तर घर दरवर्षी हलतं, आणि सगळीकडून सारखं हलत नाही. न्हाणीचं पाणी मुरतं तो कोपरा फुगलेला, पलीकडचा कोरडा. मग दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरपी चिरते.

प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका. तिरपी चीर विटांतून आरपार गेलेली असेल, आतून-बाहेरून एकाच जागी दिसत असेल, तर ती पायाची तक्रार आहे. ही चीर पावसाळ्यात मिटते आणि मे महिन्यात उघडते. म्हणून दिवाळीला रंगवून हिवाळ्यात दाखवलेल्या घरावर मी विश्वास ठेवत नाही, एकाच भिंतीला ताजी पुट्टी असेल तर मुळीच नाही. शक्य असेल तर घर एकदा उन्हाळ्याच्या शेवटी पाहा आणि एकदा भर पावसात. वेळ हाताशी असेल तर इंजिनिअर चिरेवर काचपट्टी चिकटवून ठेवतो. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे.

माझा आग्रह एका खड्ड्याचा. मालकाच्या परवानगीने, इंजिनिअरसमोर पायालगत छोटा खड्डा खणा, पाया कुठवर गेलाय ते डोळ्यांनी पाहा आणि माती पुन्हा नीट ठोकून भरा. वास्तू पाहायला माणूस बोलावणारे इंजिनिअरची फी वाचवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी कामं सोपी आहेत. स्लॅबचे पोपडे आणि उघड्या पडलेल्या सळ्या, चौकटीतली वाळवी, अर्थिंग हे सगळं त्याच फेरीत पाहून होतं. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, वकिलाचा. त्यात मालकी कळते, भिंत नाही.

इंजिनिअर तुम्हीच निवडा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. आणि त्याला इसार देण्याआधी न्या. तेवढी सवड मिळत नसेल तर इसारचिठ्ठीत लिहून घ्या: तपासणीत पायाचा दोष निघाल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत.