खांद्याला थेट एमआरआय कशाला?

खांदा दुखायला लागला, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, की घरात कुणीतरी म्हणतंच, एमआरआय करून टाक एकदाचा. डॉक्टर मात्र आधी साधा एक्स-रे सांगतात. आता एक्स-रेत टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) दिसत नाही हे खरंय, पण त्यात साचलेलं कॅल्शियम पांढरं दिसतं, आणि दंडाच्या हाडाचा गोळा वर सरकून त्याच्या नि वरच्या हाडाच्या मधली जागा ७ मिमीपेक्षा कमी झाली असेल तर कफ बराच फाटलाय असा अंदाज येतो. कफ म्हणजे ४ स्नायूंच्या टेंडनचं गोळ्याभोवतीचं वेष्टण, त्यातलं सुप्रास्पायनेटसचं टेंडन सगळ्यात जास्त फाटतं.

ते बघायला सोनोग्राफी मस्त. गार जेल लावून सांगतात, पँटच्या मागच्या खिशात हात घातल्यासारखा ठेवा, कारण तसं केलं की हाडाखाली लपलेलं टेंडन पुढे येतं. हात हलवताना लाइव्ह दिसतं, खर्चही कमी. पण प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचं हातातलं यंत्र, जरा तिरका झाला की धडधाकट टेंडनही काळं दिसतं आणि फाटलेलंही काळंच, म्हणजे सगळं करणाऱ्याच्या हातावर. शिवाय आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, त्यामुळे ऑर्थोच्या (हाडांच्या डॉक्टरच्या) टेबलावर सहज पडलेलं मशीन क्वचितच दिसतं.

एमआरआयची खरी गरज ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा. फाटलेलं टोक किती मागे ओढलं गेलंय, स्नायूत चरबी किती भरलीय, हे त्यात नीट कळतं, आणि चरबी खूप असेल तर शिवलेलं टिकायची शक्यता कमी. पण अर्धा तास ठकठक ऐकत पडून काढलेला फोटोही फसवतो बरं का, टेंडन चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशात आलं तर एमआरआयच्या काही सिक्वेन्समध्ये (फोटो काढायच्या पद्धतींत) नसलेली इजा असल्यासारखी उजळ दिसते.

आणि टेंडन खरंच फाटलेलं असलं तरी दुखणं त्याचंच असेल असंही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ लोकांचे एमआरआय काढले, तर ३४ टक्के लोकांचा कफ थोडा किंवा पूर्ण फाटलेला निघाला, साठीपुढच्यांत तर ५४ टक्के. म्हणून तर चांगला ऑर्थो फिल्म बाजूला ठेवून आधी शर्ट काढा म्हणतो आणि हात वर उचलून दाखवायला लावतो.